जॉन बॉइड डनलॉप : तीनचाकीच्या चाकापासून

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हल्लीं एक खेळ येऊन बसला आहे. काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे एकमेकांस जोडून जमिनीवर वळणावळणांचा मार्ग मांडावयाचा. त्या मार्गाच्या अंगांत एक अरुंद खांच असते, तींत इवल्याशा मोटारीच्या पोटाखालची खुंटी बसवावयाची. आणि हातांतील कळ दाबली कीं खांचेच्या दोहों बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मोटारींत शिरते व ती भरधांव सुटते. खऱ्या मोटारीच्या सुमारें बत्तिसाव्या हिश्शाचा हा खेळ फ्रेड फ्रान्सिस नामक एका इंग्रज गृहस्थांनीं १९५७ सालीं हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत प्रथम मांडला, आणि तेव्हांपासून ह्या खेळाच्या नादीं लागलेल्यांत मुलांपेक्षां त्यांच्या वडिलांचाच भरणा अधिक आहे असें म्हणतात.

गेल्या सुटींत अशाच एका घरीं बसण्याचा आम्हांस योग आला. वरच्या माडीवर तीन मुलांचा मोठा वाद माजला होता. एकाची मोटार सरळ रस्त्यावर बाणासारखी जाई, पण वळणावर पोंचली कीं मागच्या अंगानें घसरून मार्गाबाहेर पडे. त्यानें मागचे दोन टायर काढले होते व ते चाकाच्या कड्यास डिंकानें पक्के चिकटवून, चाक फिरवीत वाळूच्या कागदावर घासण्याचें काम चालविलें होतें. टायर दिसावयास वाटोळा असला तरी खराखुरा वाटोळा नसतो, आणि केंसभर उंचवटा राहिला तरी गाडी उड्या मारते, असें त्यानें आम्हांस समजावून दिलें. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं रबर टाकून सिलिकोनचे टायर बसवावे. ते गुळगुळीत प्लॅस्टिकवर घोरपडीसारखे चिकटतात. त्यावर तिसऱ्यानें हरकत घेतली कीं सिलिकोनला धुळीचें वावडें आहे, दर दहा फेऱ्यांनीं तें पुसत बसावें लागतें. लांकडी मार्गावर पळवावयाचें तर स्पंजासारख्या जाळीदार रबरासारखा टायर नाहीं. दंतचक्राचे दांते किती असावे, मोटारीच्या पोटांत लोहचुंबक ठेवावा कीं नाहीं, हे प्रश्न पुढें होतेच. खालीं मुलांच्या मातोश्री वाळूच्या कागदाच्या भुकटीविषयीं तक्रार करीत होत्या, आणि वडिलांनीं आम्हांस हळूच विचारलें कीं, एवढा वेळ एका चाकाच्या रबरांत घालविणें हें परीक्षेच्या वर्षीं कितपत बरें?

त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्हीं टाळलें. परंतु घरीं परत येतांना आम्हांस एका अशा गृहस्थांचें स्मरण झालें कीं ज्यांनीं आपल्या मुलाच्या खेळण्याच्या चाकांत असाच, किंबहुना ह्याहून पुष्कळ अधिक, वेळ घालविला होता. त्यांचें नांव ठाऊक नाहीं असा एकही वाचक नसेल, कारण तें जगांतल्या लाखों टायरांवर उठविलेलें आहे. मात्र तें नांव कोणा मनुष्याचें होतें ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत येते.

जॉन बॉइड डनलॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंडांतील एअरशायर परगण्यांत ड्रेगहॉर्न नांवाच्या खेड्यांत ५ फेब्रुवारी १८४० रोजीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. मूल दिवस पुरे होण्यापूर्वींच, सुमारें दोन महिने आधीं जन्मलें अशी घरांत समजूत होती, व ह्याच्यानें कष्ट होणार नाहींत, ह्यास जपलें पाहिजे, असें वडीलमंडळी म्हणत. हे शब्द जॉनच्या मनावर असे कांहीं बिंबले कीं आपली प्रकृति नाजूक आहे हा ग्रह त्यांनीं जन्मभर बाळगला व त्याप्रमाणेंच ते जपून राहिले. गमतीची गोष्ट ही कीं एक्याऐंशीं वर्षांच्या आयुष्यांत अखेरच्या दुखण्याखेरीज त्यांस कोणतेंही मोठें दुखणें आलें नाहीं. घरोघरीं नाजूक म्हणून ठरवून टाकलेलीं मुलें असतात, त्यांच्या पालकांनीं हें वाचून ठेवावें.

एडिंबरो येथें पशुवैद्यकीचा अभ्यास करून वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, १८५९ सालीं, ते परीक्षा उतरले. कांहीं वर्षें स्वदेशांतच धंदा केल्यावर १८६७ सालीं ते समुद्र ओलांडून आयर्लंडांत गेले. तेथें डाउनपॅट्रिक गांवीं त्यांनीं व त्यांचे बंधु जेम्स ह्यांनीं मिळून जनावरांचा दवाखाना काढला, आणि पुढें जॉन बेलफास्ट शहरांत मे स्ट्रीटवर येऊन स्थायिक झाले. तो काळ घोड्यांचा होता. मालाच्या गाड्या, भाड्याच्या बग्ग्या, ट्रॅमगाड्या, सारें कांहीं घोडेच ओढीत. तेव्हां ज्या शहरांत गिरण्या, बंदर व जहाजांचे कारखाने एकाच वेळीं भरभराटीस येत होते तेथें घोड्यांच्या डॉक्टरास काम कमी पडण्याची भीति नव्हती. अल्पावकाशांतच डनलॉप ह्यांचा धंदा आयर्लंडांतील त्या प्रकारच्या मोठ्या धंद्यांपैकीं एक गणला जाऊं लागला. १८७१ सालीं मार्गारेट स्टीव्हन्सन ह्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस एक मुलगी व एक मुलगा अशीं दोन अपत्यें झालीं. ह्या क्रमानें गोष्टी चालत्या तर आज आम्हांस त्यांचें नांव लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

आतां थोडेसें चाकाविषयीं सांगितलें पाहिजे. आमच्याकडील बैलगाडीचें चाक ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांस ठाऊकच आहे कीं तुंबा, आरे व पाटे हीं सारीं लांकडाचीं असून त्यांवर लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धांव चढवितो. ती निवतां निवतां आकसते व सगळें चाक आंवळून धरते. धांव चाकास टिकाऊपणा देते, पण बसणाराच्या हाडांस ती कांहीं दयामाया दाखवीत नाहीं. विलायतेंत १८७० च्या सुमारास सायकली निघाल्या तेव्हां त्यांच्या चाकांवर लोखंडाच्या ऐवजीं भरीव रबराची कांब बसविण्याची चाल पडली. रबरानें आवाज कमी झाला खरा, पण हादरे फारसे कमी झाले नाहींत. ह्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. भरीव चाकाच्या वाटेंत खडा आला म्हणजे चाकास त्या खड्यावर चढावें लागतें. चाकाबरोबर गाडी चढते, गाडीबरोबर बसणारा चढतो, आणि पुढच्याच क्षणीं सगळे मिळून खालीं आदळतात. प्रत्येक खड्याला हें चढणें व आदळणें घडत असल्यानें पुढें जाण्यासाठीं लावलेल्या जोरापैकीं बराचसा जोर वर उडण्यांतच खर्ची पडतो. म्हणजे खडबडीत रस्त्यानें केवळ अंग दुखतें एवढेंच नव्हे, तर वेगही मारला जातो. ह्या दोन तक्रारी वस्तुतः एकच आहेत ही गोष्ट त्या काळच्या भल्या भल्या सायकल बनविणारांच्याही नीटशी लक्षांत आलेली नव्हती.

ती लक्षांत आली ती एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या तक्रारीमुळें. डनलॉप ह्यांचा मुलगा, ह्याचेंही नांव जॉनच, आपल्या सोबत्यांबरोबर तीनचाकी फिरवीत असे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांनीं बांधलेले, शिवाय मधून ट्रॅमचे रूळ गेलेले. त्या चिऱ्यांवरून भरीव रबराचीं चाकें खडखडत जात, अंग हलून खिळखिळें होई, आणि बरोबरीच्या मुलांस मागें टाकण्याची हौस पुरी होत नसे. मुलानें वडिलांकडे गाऱ्हाणें नेलें. आम्हांस वाटतें, शंभरांतील नव्व्याण्णव वडिलांनीं ह्यावर रस्ते असेच असावयाचे असें सांगून वर्तमानपत्रांत पुन्हां डोकें घातलें असतें. डनलॉप विचार करूं लागले.

त्यांच्या धंद्यांत रबराच्या वस्तु हाताळण्याचा प्रसंग येत असे, व रबर कसें कापावें, कसें चिकटवावें हें त्यांस अनुभवानें माहीत होतें. १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं पातळ रबराचा एक पत्रा घेतला, त्याच्या कडा जोडून नळी केली आणि ती एका लांकडी तबकडीच्या कडेभोंवतीं बसविली. नळी जागच्या जागीं राहावी म्हणून तीवरून कापडाची पट्टी ओढून घेऊन ती लांकडास ठोकली, आणि फुटबॉलमध्यें हवा भरण्याच्या पंपानें नळींत हवा भरली. त्या रूपास चाक म्हणणेंही कठीणच होतें.

नंतर ही तबकडी व मुलाच्या तीनचाकीचें एक नेहमींचें चाक अशीं दोन्ही घेऊन ते घरामागील अंगणांत आले. दोन्ही चाकें हातानें ढकलून त्यांनीं अंगणाच्या पलीकडल्या टोंकाकडे सोडून दिलीं. धातूचें चाक कांहीं अंतर जाऊन मंदावलें, डळमळलें व आडवें पडलें. हवेचें चाक तसेंच पुढें जात राहिलें, फाटकाच्या खांबावर आपटलें आणि उलट फिरलें. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीनें पाहतां ह्या परीक्षेंत खोडी काढतां येईल; एक चाक लांकडाचें तर दुसरें लोखंडाचें, तेव्हां दोहोंमध्यें फरक केवळ टायराचाच नव्हता. परंतु परीक्षेचें बीज खरें होतें. दोन वस्तूंपैकीं कोणती चांगली हें तोंडानें वाद घालून न ठरवितां, दोन्हींस एकाच जमिनीवरून, एकाच हातानें सोडून पाहावें, हेंच त्यांनीं केलें. आणि माडीवरील त्या तीन मुलांनीं वाद थांबवून अखेर हेंच केलें हें येथें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. तेथें जिंकला तो वाळूच्या कागदावर घासलेला साध्या रबराचा टायर, सिलिकोनचा नव्हे, कारण त्या दिवशीं मार्गावर धूळ फार होती.

तबकडीच्या परीक्षेनंतर डनलॉप ह्यांनीं तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांस हवेचे टायर बसविले. १८८८ च्या आरंभीं एके रात्रीं, रस्त्यावरील वर्दळ थांबल्यावर, मुलानें ती तीनचाकी बाहेर काढली. त्या फेरीनंतर तो काय म्हणाला ह्याच्या निरनिराळ्या गोष्टी लोक सांगतात, त्या आम्ही येथें देत नाहीं. परंतु मुलगा खूष होता आणि त्याचे वडील दुसऱ्या दिवसापासून मोठ्या सायकलीचे टायर करण्याच्या उद्योगास लागले, एवढ्यावरून निकाल काय लागला हें उघड आहे.

सायकलीसाठीं टायर अधिक बळकट हवा होता. आंत हवा धरणारी रबराची नळी, तिला फुगतांना आवरून धरणारें जाड कापड, आणि रस्त्याशीं घासून झिजणारी वरची जाड रबरी पट्टी, अशी तीन थरांची रचना त्यांनीं केली. पुढें शंभराहून अधिक वर्षांत टायरांत शेंकडों सुधारणा झाल्या, तरी ही कामाची वांटणी आजतागायत कायम आहे. हवा धरणारें अंग वेगळें, ताण सोसणारें अंग वेगळें, झीज सोसणारें अंग वेगळें. एकाच वस्तूनें तिन्ही कामें करावीं असा अट्टाहास भरीव रबरानें धरला होता, आणि तेथेंच तें फसलें होतें. दक्षिण बेलफास्टमधील चेरीव्हेल ह्या खेळाच्या मैदानावर सायकलीचा प्रयोग करून पाहिल्यावर डनलॉप ह्यांनीं २३ जुलै १८८८ रोजीं पेटंटासाठीं अर्ज केला, व ७ डिसेंबर १८८८ रोजीं तें त्यांस मिळालें.

लोकांनीं मात्र ह्या नव्या टायराची थट्टाच केली. आजच्या मानानें तो जाडजूड व बेढब होता. बारीक भरीव रबराच्या नाजूक चाकांची संवय झालेल्या डोळ्यांस तो सुजलेल्या पायासारखा दिसे. शिवाय त्या सुजेंत नुसती हवा आहे हें कळल्यावर तर हंसणारांस ऊतच आला. अशा वेळीं एका स्वाराची गांठ पडली. विली ह्यूम हे बेलफास्ट क्रूझर्स नांवाच्या सायकल मंडळाचे कप्तान होते. जगांतील पहिल्या प्रतीच्या स्वारांत त्यांची गणना होत होती असें नव्हे. परंतु हवेच्या टायरांची सायकल विकत घेणारे ते पहिलेच गिऱ्हाईक, आणि ती घेऊन शर्यतींत उतरावें अशी सूचना डनलॉप ह्यांनीं त्यांस केली.

१८ मे १८८९ रोजीं बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजचे वार्षिक खेळ होते. ह्यूम आपली फुगीर चाकांची सायकल घेऊन मैदानावर आले तेव्हां प्रेक्षकांनीं काय केलें असेल तें सांगावयास नको. त्या दिवशीं सायकलींच्या चार शर्यती झाल्या, आणि चारही ह्यूम ह्यांनीं जिंकल्या. गवताच्या मैदानावर भरीव टायर जमिनींत रुतत व उंचसखल भागीं उसळत. हवेचा टायर दबून रुंद होई व वरून निघून जाई. थोड्याच दिवसांनीं ह्यूम समुद्रापलीकडे लिव्हरपूल येथें गेले, आणि तेथेंही एक शर्यत सोडून बाकीच्या साऱ्या त्यांनीं जिंकल्या. दोन-चार वर्षांच्या आंत भरीव टायरावर शर्यत खेळणारा स्वार शोधूनही सांपडेना. शर्यत म्हणजे नुसती करमणूक असें समजणारांस कदाचित् हें पटणार नाहीं, पण वर्षानुवर्षें जाहिराती देऊन जें काम झालें नसतें तें त्या दोन मैदानांवर झालें.

ह्यूम ह्यांच्याकडून हरलेल्या स्वारांमध्यें हार्वे द्यू क्रो ह्यांचे पुत्र होते. द्यू क्रो हे आयर्लंडांतील सायकलस्वारांच्या संघाचे अध्यक्ष, व्यवहारांत मुरलेले गृहस्थ. आपले मुलगे हरले ह्याचें वाईट वाटून घेत न बसतां ते कशानें हरले ह्याचा त्यांनीं तपास केला, व डनलॉप ह्यांची ओळख करून घेतली. त्याच १८८९ सालीं डब्लिन येथें कंपनी स्थापन झाली, व डनलॉप ह्यांनीं आपले पेटंटाचे हक्क तिच्या स्वाधीन केले. मोबदल्यांत त्यांस कंपनीचे कांहीं भाग मिळाले. हा सौदा झाला तेव्हां त्या हक्कांची किंमत पुढें काय होईल ह्याची कल्पना कोणासच नव्हती.

आणि मग एक मोठें संकट उभें राहिलें. पेटंट मिळून सुमारें दोन वर्षें होतात न होतात तोंच तें रद्द ठरत असल्याचें डनलॉप ह्यांस कळविण्यांत आलें. कारण असें कीं हवेच्या चाकाची कल्पना त्यांच्याही आधीं, १८४५ सालीं, दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थांनीं, स्टोनहेव्हनच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्यांनीं, पेटंट करून ठेविली होती! डनलॉप पांच वर्षांचे असतांनाच हा शोध लागून गेला होता, आणि त्याची वार्ताही त्यांच्या कानीं नव्हती. थॉमसन ह्यांनीं घोडागाडीच्या चाकांस रबरी कापडाच्या नळ्या व वरून चामड्याचें आवरण बसवून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें प्रयोगही करून दाखविले होते, व ते उत्तम झाले होते. मग तो शोध विसरला कां गेला? रबरास गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति चार्ल्स गुडइयर ह्यांस सांपडून तेव्हां फार थोडीं वर्षें झालीं होतीं. चांगलें पातळ रबर महाग व दुर्मिळ होतें. आणि मुख्य म्हणजे ज्याला हलक्या, वेगवान चाकाची निकड भासावी असें वाहनच त्या काळीं नव्हतें. घोडा ओढतो आहे तोंवर आंत बसणाऱ्या श्रीमंतास थोडे हादरे सोसतां येत होते. सायकलीवर ओढणारा व बसणारा एकच, त्यामुळें प्रत्येक हादरा त्याच्याच पायांतील बळ खाई. थॉमसन १८७३ सालीं वारले. त्यांचा शोध पुन्हां जन्मलेला पाहावयास ते राहिले नव्हते.

ह्या दोघांपैकीं खरा शोधक कोण, असा प्रश्न परीक्षेंत विचारला तर आम्ही पहिला मान थॉमसन ह्यांस देऊं. डनलॉप ह्यांनीं शोध दुसऱ्यांदा लावला. पण तो अशा वेळीं लावला कीं जगास तो हवा होता, आणि तो प्रामाणिकपणें स्वतःच्या बुद्धीनें लावला.

पेटंट गेल्यावर कंपनी तरली कशी, ही हकीगत टायर बसविणाऱ्या मुलांनीं लक्षपूर्वक वाचावी. डनलॉप ह्यांचा पहिला टायर चाकाच्या कड्यास चिकटविलेला असे, माडीवरील त्या इवल्या मोटारीच्या टायरासारखाच. खेळण्यांतील टायरांत हवा भरावयाची नसते, म्हणून चिकटविणें हें त्यास गुणावहच असतें. पण रस्त्यावरच्या टायरांत खिळा शिरला म्हणजे काय करावें? सगळा टायर सोलून काढावयाचा, आंतील नळीस ठिगळ द्यावयाचें, पुन्हां सारें चिकटवून वाळत ठेवावयाचें. फ्रान्समध्यें क्लेरमॉं-फेराँ येथें मिशेलॅं बंधूंच्या कारखान्यांत असाच एक पंक्चर झालेला टायर १८८९ सालीं आला. त्याच्या दुरुस्तीस तासच्या तास लागले, रात्रभर तो वाळत ठेविला, आणि तरीही तो लगेच पुन्हां बसला. त्या त्रासांतून त्यांनीं सहज काढतां येणारा टायर बनविला, व १८९१ सालीं पॅरिस ते ब्रेस्ट व परत ह्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत शार्ल तेराँ हा स्वार त्यावर बसून पहिला आला.

ब्रिटनमध्येंही हेंच कोडें दोघांनीं दोन रीतींनीं सोडविलें. १८९० सालीं चार्ल्स किंग्स्टन वेल्च ह्यांनीं टायराच्या दोन्ही कांठांत न ताणणारी तार घालून ती खोलगट कड्यांत बसविण्याची युक्ति काढली. त्याच सालीं विल्यम अर्स्किन बार्टलेट ह्यांनीं टायराचे कांठ जाड करून ते कड्याच्या वळलेल्या ओंठांत अडकविण्याची रीत काढली. थोड्याच काळांत वूड्स ह्यांची झडपही निघाली, तिनें हवा भरणें व राखणें सोपें झालें. द्यू क्रो ह्यांनीं वेल्च व बार्टलेट ह्या दोघांचेही हक्क विकत घेतले. अशा रीतीनें मूळ पेटंट जरी हातचें गेलें, तरी जीं अंगें जोडल्यावांचून टायर व्यवहारांत चालेना तीं सारीं कंपनीच्या हातीं आलीं. आज आमच्या शाळेच्या आवारांत उभ्या असलेल्या कोणत्याही सायकलीचा टायर काढून पाहावा. कांठांत तार लागेल. ती वेल्च ह्यांच्या युक्तीची वंशज होय.

डनलॉप ह्यांस ह्या घडामोडींत फारशी गोडी नव्हती. ते स्वभावानें शांत, नव्या वस्तूंत रमणारे. भागभांडवल व बाजारभाव ह्यांची भाषा त्यांची नव्हे. १८९५ सालीं ते कंपनींतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षीं टेरा हूली नांवाच्या सावकारानें सगळा धंदा ३० लक्ष पौंडांस विकत घेऊन, त्यावर बड्या पदव्यांच्या लोकांचीं नांवें मढवून, तो लोकांस ५० लक्ष पौंडांस विकला. ज्या अंगणांत पहिली तबकडी धांवली त्या अंगणाच्या मालकास ह्या रकमेंतून मिळालें तें फारच थोडें.

टायरांमुळें सायकल सामान्य मनुष्याच्या व स्त्रियांच्याही उपयोगाची झाली. १८९५ सालीं पॅरिस ते बोर्दो ह्या शर्यतींत मिशेलॅं बंधूंनीं हवेच्या टायरांची मोटार उतरविली. तिचे टायर वाटेंत कितीदां फुटले ह्याची गणती नाहीं, तरी ती शेवटपर्यंत गेली, आणि मोटारीचा मार्ग त्या दिवशीं ठरला. परंतु ह्या कथेला एक काळी बाजू आहे, ती मुलांपासून लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. टायरांसाठीं रबराची मागणी अकस्मात् वाढली, आणि रबर तेव्हां रानांतील झाडांवेलींपासूनच मिळे. बेल्जमचा राजा लिओपोल्ड ह्याच्या खाजगी ताब्यांत असलेल्या कांगो देशांत ह्या रबरासाठीं तेथील लोकांवर जे जुलूम झाले ते वाचून अंगावर कांटा उभा राहतो. शेवटीं १९०८ सालीं तो देश राजाच्या हातून काढून घ्यावा लागला. अंगणांत चाक सोडणाऱ्या पशुवैद्याच्या हें स्वप्नींही नसेल. पुढें पूर्वेकडील मळ्यांतून रबर येऊं लागलें. हेन्री विकम ह्यांनीं १८७६ सालीं ब्राझीलहून आणिलेल्या बियांच्या रोपांपासून ते मळे वाढले होते. आपल्या देशांत केरळांतील थत्तेकाड येथें १९०२ सालीं मळा लागला, आणि आतां तर आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्गाच्या बाजूस गेलें तरी रबराच्या झाडांस बांधलेल्या वाट्या व त्यांत थेंब थेंब पडणारा पांढरा चीक पाहावयास मिळतो. डनलॉप ह्यांच्या नांवाच्या कंपनीनें बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं साहागंज येथें १९३६ सालीं कारखाना घातला होता. कित्येक दशकें चालून तो पुढें बंद पडला.

उतारवयांत डनलॉप डब्लिन शहरांतील बॉल्सब्रिज भागांत राहत असत. तेथील एका कापडाच्या मोठ्या दुकानांत त्यांची भागी होती. आपलें नांव लावून चाललेल्या प्रचंड व्यापाराशीं त्यांचा संबंध उरला नव्हता, पण त्या व्यापारानें त्यांस सोडलें नाहीं. कंपनीनें जाहिरातींत त्यांचा दाढीचा चेहरा वापरला, आणि त्या चेहऱ्याखालीं उंच टोपी, पांढरें जाकीट, हातांत छडी अशा छानछोकीच्या पोषाखांतील दुसरेंच शरीर काढलें. साधेपणानें आयुष्य घालविलेल्या त्या वृद्ध गृहस्थांस हें सोंग सहन झालें नाहीं. जनांत आपलें हंसें होतें म्हणून त्यांनीं स्वतःच्याच नांवाच्या कंपनीवर फिर्याद लावली, आणि इंग्लंडांतील कंपनीवर आयर्लंडच्या न्यायालयांत दावा चालूं शकतो कीं नाहीं हा वाद थेट लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. पैशाचा वांटा थोडा मिळाला म्हणून नव्हे, तर आपलें चित्र खोटें काढलें म्हणून त्यांनीं भांडावें, ह्यांत त्यांचा स्वभाव आम्हांस पूर्णपणें दिसतो.

१९२१ च्या ऑक्टोबरांत त्यांस थंडी बाधली, आणि २३ तारखेस, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, ते निवर्तले. डब्लिनजवळील डीन्सग्रेंज येथील स्मशानभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. हवेच्या टायराचा इतिहास त्यांनीं स्वतः लिहून ठेविला होता, तो त्यांच्या पश्चात् त्यांच्या कन्येनें छापून प्रसिद्ध केला. त्यांनीं हातांनीं केलेल्या अगदीं पहिल्या टायरांपैकीं एक, ज्या एडिंबरो शहरांत ते पशुवैद्यकी शिकले, तेथील संग्रहालयांत ठेविलेला आहे. बऱ्याच वर्षांनंतर उत्तर आयर्लंडांतील एका बँकेनें आपल्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचें चित्र छापलें. त्या चित्रांत दाढी आहे. छडी व उंच टोपी नाहीं.